अकुरेरीहून अर्ध्या दिवसात गोदाफॉस आणि मीवात्नचं गरम पाणी: घड्याळ उलटं लावून करायची सहल

आइसलँडच्या उत्तरेला अकुरेरी नावाचं बंदराचं गाव आहे. तिथून गोदाफॉस धबधबा बघायचा, पुढे मीवात्न सरोवराजवळच्या गरम पाण्याच्या तळ्यात डुंबायचं आणि परत यायचं. नकाशावर ही सहल अगदी सरळ दिसते. फोन सांगतो की जाऊन-येऊन गाडीचे अडीच तासच लागतील. म्हणून माणसं निवांत नाश्ता करून दहाला निघतात, धबधब्यापाशी तास घालवतात आणि तळ्यावरची आरक्षित वेळ चुकवतात. कसंबसं पाण्यात उतरावं तर पंधरा मिनिटांत परतीची घाई, आणि क्रूझने आलेले बोटीवर पोचतात ते ओल्या केसांनी.

वेळ कुठे जातो हेच हेरलेलं नसतं. तो रस्त्यावर जात नाही, पाण्यातही फारसा जात नाही. तो जातो कपडे बदलण्यात, आंघोळीत, केस वाळवण्यात आणि पार्किंगपासून चालण्यात. हा वेळ फोन मोजत नाही, तो आपणच मोजायचा.

१. वेळ मागून पुढे मोजा

कागद घ्या आणि सगळ्यात खाली परत पोचायची वेळ लिहा. क्रूझने आला असाल तर ही वेळ बोट सुटण्याची नाही, सगळ्यांनी बोटीवर हजर असण्याची, आणि ती सुटण्याच्या बरीच आधीची असते. बोट धक्क्याला न लागता खाडीत नांगर टाकून उभी असेल, तर छोट्या बोटीच्या रांगेचा वेळही त्यात धरा.

समजा दुपारी ३ वाजता धक्क्यावर असायलाच हवं. मग वर चढत जा:

३.०० धक्क्यावर हजर
२.१५ अकुरेरीत प्रवेश (मधली ४५ मिनिटं राखीव, त्यांना हात लावायचा नाही)
१.०० तळ्याच्या पार्किंगमधून गाडी हलली
१२.२० पाण्यातून बाहेर
११.२० पाण्यात उतरलात
१०.५० तळ्याच्या दारात
१०.०० गोदाफॉसहून निघालात
९.१५ गोदाफॉसला पोचलात
८.३५ अकुरेरी सोडलं

पाण्यात तासभर राहायचं तर तळ्यावर एकूण दोन तास दहा मिनिटं लागली, हे बघून ठेवा. सगळी गोळाबेरीज साडेसहा तासांच्या आसपास जाते. नावाला अर्धा दिवस, पण सकाळ पूर्ण खर्ची पडते.

हातात साडेसहा तासांपेक्षा कमी असतील तर मीवात्नचा हट्ट सोडा. अकुरेरीच्या समोर, खाडीच्या पलीकडच्या काठावर, गावापासून गाडीने पाचेक मिनिटांवर ‘फॉरेस्ट लगून’ नावाचं गरम पाण्याचं तळं २०२२ पासून सुरू आहे. गोदाफॉस बघून परत येताना तिथे थांबलं की सहल साडेतीन-चार तासांत आरामात बसते. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. घाईत उरकलेल्या मीवात्नपेक्षा मला ते केव्हाही बरं वाटतं.

*तपासा:* बोटीवरचं घड्याळ आणि आइसलँडचं घड्याळ एकच आहे का? आइसलँड वर्षभर ग्रीनिच वेळ पाळतो, उन्हाळ्यात घड्याळ पुढे सरकवत नाही. भारत त्याच्या साडेपाच तास पुढे. नॉर्वे किंवा ब्रिटनहून आलेली बोट कधी कधी आपलीच वेळ चालू ठेवते. फोन स्थानिक वेळ दाखवतो, बोट स्वतःच्या वेळेने सुटते, आणि तास-दोन तासांचा फरक सगळ्या गणितावर पाणी ओततो.

*सावध:* बोटीने स्वतः आखलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट सहसा थांबते. तुम्ही स्वतः ठरवलेल्या गाडीसाठी थांबत नाही. राखीव ४५ मिनिटं त्यासाठीच आहेत.

२. आरक्षण आणि कागद

तळ्याची वेळ आधी ठरवा, गाडी नंतर. उलटं केलं की गाडी सकाळची आणि तळ्यावर जागा दुपारची, अशी पंचाईत होते. तळं किती वाजता उघडतं हे ऋतूनुसार बदलतं. शिवाय तिथे बांधकामं, बदल चालू असतात. म्हणून सध्या काय उघडं आहे ते त्यांच्या संकेतस्थळावर बघूनच पैसे भरा.

आइसलँड शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतो, म्हणून भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. गाडी स्वतः चालवणार असाल तर आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही ठेवा. आणि पिन पाठ असलेलं कार्ड हवंच. पेट्रोल पंपांवर बहुतेक ठिकाणी माणूस नसतो. यंत्र पिन मागतं, आणि पिन ‘घरी डायरीत आहे’ हे त्याला सांगून उपयोग नसतो.

३. आदल्या रात्री: दोन पिशव्या

लोक एकच मोठी सॅक भरतात आणि धबधब्यावर तुषारांनी टॉवेल ओला करून बसतात. दोन पिशव्या करा.

पहिली धबधब्याची, हाताशी राहणारी: वारा-पाणी अडवणारं जाकीट, लोकरी टोपी, हातमोजे, कॅमेऱ्याची काच पुसायचं कापड. पायात पकड असलेले बूट. हिवाळ्यात बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे. छत्री आणूच नका, तिथला वारा ती उलटी करून परत देतो.

दुसरी तळ्याची, गाडीतून थेट तळ्यावर उघडायची: पोहण्याचे कपडे, टॉवेल, कंडिशनर, केसांचे रबर, कोरडे मोजे, ओले कपडे भरायला प्लास्टिकची पिशवी आणि दुसरी, कोरडी टोपी. टॉवेल आणि पोहण्याचे कपडे तिथे भाड्यानेही मिळतात, त्यामुळे विसरलात तरी सहल बुडत नाही.

कपड्यांबद्दल आपल्याकडून हमखास विचारलं जातं. सुती टी-शर्ट, बर्मुडा, लेगिंग नको. पोहण्याच्याच कापडाचे कपडे हवेत. ते अंगभर असले तरी चालतं. लांब बाह्यांचा आणि पायघोळ पोहण्याचा पोशाख घालून निःसंकोच उतरा.

आता दागिने, आणि हे आदल्या रात्रीच करायचं काम आहे. त्या पाण्यात गंधक आहे. चांदी आणि पितळ त्यात काळं पडतं. अंगठी, पैंजण काढायचं सगळ्यांच्या लक्षात येतं, जोडवी राहून जातात. वर्षानुवर्षं न काढलेली जोडवी कपडे बदलायच्या खोलीत, मागे माणसं उभी असताना निघत नाहीत. ओल्या फरशीवर बसून, साबण लावून, बोट लाल होईपर्यंत ओढत बसावं लागतं आणि दहा मिनिटं तिथेच जातात. हॉटेलवर किंवा केबिनमध्ये रात्रीच काढून डबीत ठेवा. मंगळसूत्रही तिथेच ठेवलेलं बरं. सोन्यात मिसळलेल्या तांब्याचा रंग बदलू शकतो, आणि गढूळ दुधासारख्या पाण्यात पडलेला मणी शोधता येत नाही.

*तपासा:* कॉन्टॅक्ट लेन्स लावता? चष्मा घेऊन चला.

४. निघण्याआधी दहा मिनिटं: वारा, रस्ता, बोगदा

पावसापेक्षा वारा महत्त्वाचा. आइसलँडच्या हवामान खात्याचं संकेतस्थळ वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात देतं, आणि आपण तो सवयीने ताशी किलोमीटर समजून वाचतो. ‘१५ म्हणजे झुळूक’ असं वाटतं. १५ मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. एवढ्या वाऱ्यात उंच गाडी चालवणं जिकिरीचं होतं. २० च्या पुढे आकडा असेल तर सहल रद्द करा किंवा फॉरेस्ट लगूनवर भागवा.

रस्ता उघडा आहे का, बर्फ आहे का, हे रस्ते विभागाच्या संकेतस्थळावर रंगांनी दाखवलेलं असतं. त्यांचा फोन क्रमांक १७७७. संकटात सगळ्यासाठी ११२.

अकुरेरीहून पूर्वेला जायला दोन वाटा आहेत. वादलाहेदी बोगदा सुमारे साडेसात किलोमीटरचा. त्यातून गोदाफॉस ३४ किलोमीटरवर पडतो. जुना घाटरस्ता विकुरस्कार्दवरून जातो आणि सुमारे १६ किलोमीटर वाढवतो. घाटाचं दृश्य सुंदर आहे, पण अर्ध्या दिवसाच्या सहलीत बोगदाच धरा. हिवाळ्यात तर घाट बर्फाने बंदही पडतो.

बोगद्याला टोलनाका नाही. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि शुल्क आपण ऑनलाइन भरायचं. जातानाचं एक, येतानाचं एक. नाका दिसला नाही म्हणजे फुकट, असा समज करून घेणारे पुष्कळ. मग बिल गाडीच्या मालकाकडे, म्हणजे भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे जातं आणि ती स्वतःचा आकार वर चढवून ते तुमच्या कार्डावर टाकते.

*सावध:* रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं आहे. चुकतं ते सहसा सरळ रस्त्यावर नाही, तर रिकाम्या पार्किंगमधून बाहेर पडताना, कारण तिथे समोर बघून शिकायला दुसरी गाडी नसते. शेजारी बसलेल्याने दर वेळी मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं. हसू येईल, येऊ द्या. दिवे दिवसाही चालू हवेत. गावाबाहेर डांबरी रस्त्यावर कमाल वेग ताशी ९०.

५. गोदाफॉस: पाऊण तास, एकच काठ नीट

धबधबा १ क्रमांकाच्या रस्त्यालगतच आहे. पाटीवर नाव वाचताना मधलं अक्षर आडवी रेघ मारलेल्या डी-सारखं दिसेल, गोंधळू नका. स्क्यालफांदाफ्ल्योत नदी इथे साधारण ३० मीटर रुंदीत, घोड्याच्या नालेच्या आकारात, १२ मीटर खाली पडते. उंची ऐकून ‘एवढाच?’ म्हणणारे भेटतात. काठावर उभं राहिलं की तक्रार थांबते.

गाडी थांबवल्यावर पहिलं काम दार सांभाळून उघडणं. वाऱ्याने दार हातातून निसटून बिजागरीतून उलटं वाकतं, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात हे नुकसान बहुधा धरलेलं नसतं. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करा. एका हाताने दाराची कड धरा, दुसऱ्याने खटका. मागे बसलेल्या मुलांना दार उघडू देऊ नका. पार्किंगची पाटी वाचा. आइसलँडमध्ये बऱ्याच ठिकाणी पार्किंगचे पैसेही कॅमेरा आणि ॲपवरच चालतात.

दोन्ही काठांवर पार्किंग आणि पायवाटा आहेत. दोन्ही काठ बघायच्या नादात पाऊण तासाचा सव्वा तास होतो. पश्चिमेची वाट धबधब्याच्या कडेला वरून नेते. पूर्वेकडून खाली पाण्याच्या पातळीपर्यंत उतरता येतं आणि नाल पूर्ण दिसते. गुडघे धड असतील आणि वाट कोरडी असेल तर पूर्व. बरोबर वयस्कर मंडळी असतील किंवा जमिनीवर बर्फ असेल तर पश्चिम, आणि कडेपासून चार पावलं मागेच.

फोटोचं एक: नदी उत्तरेकडे वाहते. खालच्या अंगाला उभं राहून धबधब्याकडे बघितलं की तुमचं तोंड दक्षिणेला होतं. भर दुपारी सूर्य समोर येतो आणि पाणी पांढरं फटक दिसतं. सकाळी सव्वानऊची वेळ या हिशेबानेही बरी.

धबधबा आधी, तळं नंतर, हा क्रम फिरवू नका. तुषारांनी भिजलेलं, गारठलेलं अंग घेऊन गरम पाण्यात जाण्यात सुख आहे. गरम पाण्यातून निघालेलं अंग घेऊन तुषारांत उभं राहण्यात फक्त सर्दी आहे.

*सावध:* हिवाळ्यात उडालेले तुषार खडकावर काचेसारखे गोठतात. ओलं दिसणारा दगड ओला नसून बर्फाचा असू शकतो. आधी एक पाय टेकवून बघा. डिसेंबरच्या मध्यावर इथे सूर्य जेमतेम तीन तास वर असतो, त्यामुळे वरचं सगळं वेळापत्रक उजेडाभोवती पुन्हा बसवावं लागेल.

६. गोदाफॉस ते तळं: कुठेही न थांबता

पन्नासेक किलोमीटर. मध्ये दोन उघडे माळ चढून उतरायचे, तिथे वारा गाडी ढकलतो. मीवात्न आलं की १ क्रमांकाचाच रस्ता धरून सरोवराच्या उत्तरेच्या अंगाने रेक्याहलीद गावाला जा. ८४८ क्रमांकाचा रस्ता दक्षिण-पूर्व काठाने जातो. त्यावर स्कूतुस्तादिरची विवरं, दिम्मुबोर्गिरचे लाव्हाचे सुळके अशी एकेक मोहाची जागा आहे. एकीला थांबलात की तळ्याची वेळ गेली.

मीवात्न म्हणजे चिलटांचं सरोवर. उन्हाळ्यात, वारा पडला की ती ढगासारखी येतात, नाका-डोळ्यांत जातात. गाडीच्या काचा बंद ठेवा.

तळं रेक्याहलीदच्या पूर्वेला चारेक किलोमीटरवर. तिथून थोडं पुढे, घाट ओलांडला की ह्वेरिर हा उकळत्या चिखलाचा आणि वाफेचा माळ आहे. वेळ हातात असेल तरच, आणि तळ्याच्या आधीच, वीस मिनिटं. दोरीच्या आतच राहा, बाहेर जमिनीचा पापुद्रा पातळ असतो आणि खाली भाजणारा चिखल. ग्र्योतागया या गुहेतल्या गरम पाण्यात उतरायला मनाई आहे, तेव्हा ‘फुकटात तिथेच डुंबू’ हा बेत बाजूला ठेवा.

७. दारापासून पाण्यापर्यंत

बहुतेकांचं अडतं ते इथेच, आणि रागावून परत फिरणारेही मी पाहिले आहेत.

नियम असा: पाण्यात उतरण्याआधी, अंगावर कपडे न ठेवता, साबणाने पूर्ण आंघोळ करायची. पोहण्याचे कपडे त्यानंतर. बायकांची आणि पुरुषांची जागा वेगळी, पण आत सगळ्यांच्या समोर उघडे शॉवर असतात. भिंतीवर चित्र असतं आणि त्यात डोकं, काखा, जांघा, पाय रंगवून दाखवलेले असतात. तेवढं तरी धुवायचंच. हे उगाच नाही. तळ्याच्या पाण्यात पोहण्याच्या तलावासारखं क्लोरीन टाकत नाहीत, म्हणून माणसांनीच स्वच्छ होऊन यायचं. कपडे घालूनच दोन तांबे ओतून घेतल्यासारखं करून सटकायला गेलात, तर कुणीतरी हटकतंच.

क्रम असा ठेवा:

बूट बाहेरच काढा. लॉकरपाशी सगळे कपडे उतरवा, टॉवेल गुंडाळा, पोहण्याचे कपडे आणि कंडिशनर हातात घ्या. दार किंवा पडदा असलेला शॉवर आहे का बघा. असतील तर थोडेच असतात, त्यासाठी दोन मिनिटं थांबणं चालतं. नसेल तर भिंतीकडे तोंड करून उरका. खरं सांगू, तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. लहानपणापासून तसंच वाढलेली माणसं ती, बघणारा वेगळा उठून दिसतो तो आपणच.

केस इथेच सांभाळायचे. पाण्यातली सिलिका आणि इतर क्षार केसांवर बसले की ते काथ्यासारखे होतात आणि दोन दिवस विंचरत नाहीत. केस धुवून कंडिशनर लावा, तो राहू द्या, आणि डोक्यावर उंच अंबाडा घट्ट बांधा. मानेवरचा अंबाडा नको, खांद्यापर्यंत पाण्यात बसलात की तो भिजतो. डोकं पाण्यात बुडवायचं नाही.

फोन लॉकरमध्ये. कपडे बदलायच्या भागात फोन बाहेर काढणंसुद्धा लोकांना खपत नाही, आणि ते बरोबरच आहे.

*तपासा:* टॉवेल कुठे ठेवला? शॉवरजवळच्या खुंटीवर किंवा मांडणीत ठेवा, लॉकरमध्ये नको. परत येताना तो शॉवरपाशीच लागतो.

८. पाण्यात

दार ते पाणी ही काही पावलं उघड्यावर, अनवाणी. धावू नका, फरशी निसरडी असते. पाणी साधारण ३६ ते ४० अंश, पण सगळीकडे सारखं नाही. तळ्याला पाणी देणारी विंधणविहीर जवळच्याच भूऔष्णिक क्षेत्रातली आहे आणि वर येताना पाणी १३० अंशांच्या आसपास असतं. ते निववून तळ्यात सोडतात, तरी जिथून येतं तिथे चटका बसण्याइतकं गरम असू शकतं. हातानं अंदाज घेत सरका. तळ दिसत नाही, म्हणून पाय घासत चाला.

पंधरा-वीस मिनिटांनी कठड्यावर बसा, पाणी प्या, मग पुन्हा उतरा. सलग तासभर बसून एकदम उठलं की रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. हृदयविकार, रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना निघण्याआधी विचारलेलं असावं. उपाशीपोटी उतरू नका, भरल्या पोटीही नको.

अंड्यासारखा वास पहिली पाच मिनिटं जाणवतो, मग नाकाला सवय होते.

९. बाहेर पडणं आणि परत

भिंतीवरचं घड्याळ बघून ठरल्या वेळेला निघा. ‘अजून पाचच मिनिटं’ ही पाच मिनिटं राखीव वेळेतून जातात.

पुन्हा शॉवर, केस नीट धुवा. मग शॉवरपाशीच अंग पूर्ण पुसा आणि नंतरच लॉकरकडे या. पाणी ठिबकवत लॉकरच्या जागेत गेलेलं चालत नाही, आणि खाली पाणी केलंत तर तुमचेच मोजे भिजतील. केस मुळापासून वाळवा, टोपी घाला, मगच दार उघडा. बायकांना इथे पंधरा मिनिटं जास्त लागतात, पुरुषांनी बाहेर उभं राहून फोन करत बसू नये.

पिण्याची बाटली थंड नळावर भरून घ्या. ते पाणी उत्तम असतं. गरम नळाच्या पाण्याला मात्र गंधकाचा वास येतो, ते चहालाही घेऊ नका.

परतीचा सव्वा तास सरळ. गरम पाण्यानंतर झोप येते, तेव्हा गाडी चालवणाऱ्याने पाण्यात निम्माच वेळ काढलेला बरा. रस्त्यावर मेंढ्या येतात. पिल्लू एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला दिसली तर थांबा, पिल्लू धावणारच.

धक्क्यावर पोचलात की गाडीची चावी देण्याआधी फोन काढा: बोगद्याच्या दोन्ही फेऱ्यांचे पैसे भरले का? पार्किंगचे? पोहण्याचे कपडे त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यातून दोनदा काढा, नाहीतर प्लास्टिकची ती पिशवी उघडेल तेव्हा केबिनभर गंधक.